अर्ध्या दिवसाचा हिशोब



मुलींना शिकवायचं की नाही, हा वाद आपल्या समाजात माझ्या आजीच्या काळातच मिटत आला होता. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली ती १८९९ साली, आणि शिक्षण हेच तिचं पहिलं काम होतं. म्हणून तर आमच्या पिढीत घरोघरी बी. ए., बी. कॉम. सुना आल्या आणि आता सी. ए., इंजिनिअर, फार्मासिस्ट येताहेत.

न मिटलेला वाद पुढचा आहे. एवढं शिकलेल्या मुलीने बाळ झाल्यावर काय करायचं? मंदिरातून बाहेर पडताना, चपला घालता घालता, हा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. एक बाजू म्हणते, "पोरं काय पाळणाघरात टाकायला जन्माला घातली का?" दुसरी म्हणते, "सगळं शिक्षण चुलीत घातलं बघा." दोन्ही वाक्यं त्या मुलीच्या पाठीमागे बोलली जातात. तिला समोर बसवून तुझं काय म्हणणं आहे, असं विचारताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

मी या विषयावर लिहायला लायक आहे का, ते आधी सांगते. मी १९८१ची बी. कॉम. लग्नाआधी दोन वर्षं एका पतसंस्थेत रोजकीर्द लिहिली. लग्नानंतर तेरा वर्षं पूर्णवेळ घरी होते. धाकटी चौथीत गेल्यावर सहा वर्षं दुपारचे तीन तास मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याची खतावणी लिहिली. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा ते सोडलं ते कायमचंच. म्हणजे पूर्ण नोकरी, अर्धी नोकरी आणि घर या तिन्ही खात्यांवर माझ्या नावाची नोंद आहे.

आणि सध्या हा प्रश्न आमच्याच घरात आहे. नातू अडीच वर्षांचा झाला. सूनबाईंना सांगलीतल्याच एका सी. ए. कार्यालयाने साडेदहा ते तीन असं काम देऊ केलं आहे. माझं मत तिने जावं असं आहे. मात्र माझ्या काही अटी आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अटी सूनबाईंसाठी नाहीत.

आधी घरातल्या कामाबद्दल. "ती काही करत नाही, घरीच असते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, आता ऐकलं की हसू येतं. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरातल्या ८१ जणी रोज घरातलं बिनपगारी काम करत होत्या आणि त्यात त्यांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांपैकी शंभरातले फक्त २६ जण असं काही काम करत होते, आणि जे करत होते त्यांची मिनिटं ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानायला गेले तर पुरुषांची ८८ झालेली दिसली!

२९९ मिनिटं म्हणजे पाच तास. यात मुलांना आणि आजाऱ्यांना सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, त्याचा रकाना वेगळा आहे. आपल्या घरात तर पाणी गाळणं, धान्य निवडणं, पीठ-मसाल्याची मुदत बघणं, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको म्हणून वेगळा स्वयंपाक हेही आलं. चातुर्मासात महाराजांच्या आहारासाठी चौका लागतो, तेव्हा पहाटे न्हाऊन सोवळ्यात उभ्या राहणाऱ्या कोण असतात? त्याच "काही न करणाऱ्या". त्यांना एक दिवस घरी बसू द्या, मग समाजाला कळेल कोण काय करतं ते.

न्यायालयांनी मात्र या कामाची किंमत केली आहे. आगीच्या एका दुर्घटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. जानेवारी २०२१ मध्ये, अपघातात गेलेल्या एका पती-पत्नीच्या भरपाईच्या खटल्यात, गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे असं त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं. चांगलंच झालं. पण दोन्ही वेळा आकडा मांडला गेला तो बाई गेल्यानंतर. जिवंतपणी तो मांडायचा कुणी?

म्हणून मी आमच्या घरात मांडला. कागद-पेन घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

सूनबाईंचा अर्ध्या दिवसाचा पगार १६,०००. पाळणाघराचे ४,५००, स्कूटरच्या पेट्रोलचे १,२००, पोळ्या-भाकरीच्या बाईंचे २,५००, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या वगैरे मिळून ८००. खर्च ९,०००. शिल्लक ७,०००. हा आकडा ऐकून आमच्या एका नात्यातल्या आत्या म्हणाल्या, "सात हजारांसाठी एवढी धावपळ? त्यापेक्षा पोराला आईची माया मिळू दे."

हा हिशोब तुम्हीही ऐकला असेल. घरोघरी असाच मांडतात. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या पाहिजेत.

एक म्हणजे पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारातून का वजा होतो? मूल दोघांचं आहे. मुलगा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला जातो, तेही घरात मुलाला कुणीतरी सांभाळतं म्हणूनच. तो खर्च दोघांच्या नावे निम्मा-निम्मा टाकायचा. पोळ्यांच्या बाईंचाही तसाच. पोळ्या काय सूनबाई एकटीच खाते? तसं केलं की खर्च ५,५०० राहतो आणि शिल्लक १०,५०० होते. घरात येणारा पैसा तेवढाच, पण चित्र बदलतं. आधीच्या मांडणीत सूनबाईंची नोकरी तोट्यातला धंदा दिसत होती.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. यंत्र नुसतं पडून राहिलं तरी त्याची किंमत दरवर्षी उतरते, हे आपण ताळेबंदात दाखवतो. शिक्षणाचंही तसंच होतं. आमच्या कॉलनीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. तिने २०१४ साली कर सल्लागाराकडचं काम सोडलं, तेव्हा महाराष्ट्रात व्हॅट होता. तो आला होता १ एप्रिल २००५ ला. ती पाच वर्षांनी परत गेली तोवर १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला होता. फॉर्म नवे, तारखा नव्या, सगळं ऑनलाइन. दहा वर्षांनी लहान मुलाच्या शेजारी बसून तिने ते शिकून घेतलं. मुलगा भला होता म्हणून निभावलं. रुळायला आठ महिने गेले आणि त्या आठ महिन्यांचा पगार होता नवख्याचा. आज तिच्या हाताखालून चाळीस व्यापाऱ्यांची रिटर्न्स जातात. या पाच वर्षांत तिने आठवड्याला दोन दुपारी जरी काम चालू ठेवलं असतं, तरी ते आठ महिने वाचले असते.

म्हणून महिन्याचे सात हजार की साडेदहा हजार यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. सूनबाई चाळिशीची होईल, तेव्हा तिच्या हातात काय असेल ते बघायचं. दार पूर्ण बंद केलं की नंतर उघडायला जोर लागतो. किलकिलं ठेवलं तर कोपराने ढकलता येतं.

आता तुम्ही म्हणाल, काकू, मग घरी राहणाऱ्या बायका वेड्या का? मुळीच नाही. मी तेरा वर्षं घरी होते आणि त्यातला एकही दिवस मी वाया गेला म्हणणार नाही. मोठ्याला दमा होता. सलग तीन हिवाळे मी रात्र रात्र त्याला मांडीवर उभा धरून बसले आहे. सकाळी त्याला झोप लागली की मीही डोळे मिटायचे. कुठल्या कार्यालयाने मला अशा वेळी "या हं अकरा वाजता" म्हटलं असतं? तान्ह्या आणि आजारी मुलाला एक ठरलेलं माणूस लागतं, दिवसातून चार हात बदलून चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते माणूस आईच असावं असा हट्ट नाही. पण बहुतेक घरांत ती आईच असते, आणि तिला ते मनापासून करायचं असेल तर कुणी तिला मागासलेली म्हणू नये. माझी बँकेतली मैत्रीण मॅनेजर होऊन निवृत्त झाली. तिची मुलंही माझ्या मुलांइतकीच बरी निघाली, आणि माझ्या मुलांइतकीच उलट बोलतात!

घरी राहणाऱ्या बाईची फसगत होते ती दुसऱ्याच जागी. भागीदारीत कुणी पैसा घालतं, कुणी अंगमेहनत. मेहनत घालणाऱ्याला कुणी नोकर म्हणत नाही. भागीदारीच्या करारात त्याचा नफ्यातला वाटा लिहिलेला असतो, कधी कधी वर पगारही. संसार हीसुद्धा भागीदारीच की. पण आपल्याकडे घर सांभाळणाऱ्या बाईला महिन्याला मिळतात ते पैसे वहीत "उचल" म्हणून पडतात. किराण्याला दिलेले, दुधाला दिलेले. त्यातून वाचवून डब्यात टाकलेलेही तिने चोरून ठेवल्यासारखे असतात. २०१६च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा किती जणींचे डबे कसे उघडे पडले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून माझं सांगणं असं की, मूल झाल्यावर जी घरी राहील तिच्या नावावर दर महिन्याला पैसे जमा व्हावेत. घरखर्चाचे वेगळे, हे वेगळे. पीपीएफचं खातं काढा. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षांची, व्याजावर कर नाही. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावाने मुदत ठेव केली तर त्या व्याजावरचा कर नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि मग घरात उगाच कटकट होते. पीपीएफमध्ये व्याजच करमुक्त असल्याने तो प्रश्न येत नाही. नोकरी सोडताना प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढून सोफासेट घेऊ नका, हेही सांगून ठेवते. त्या योजनेतल्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. मधे खंड पडला तरी नंतर जोडून घेता येतो, पण पैसे काढून मोकळं झालं की मागची वर्षंही गेली.

यावर कुणी म्हणतं की, आपला धर्म अपरिग्रह सांगतो, बायकांनी पैशापैशाचा हिशोब कशाला करायचा. मी एवढंच विचारते, परिग्रह-परिमाणाचं व्रत घ्यायचं तर आपल्याकडे काय आहे ते आधी माहीत हवं ना? जिच्या नावावर काहीच नाही तिने मर्यादा कशाची घालायची? दान द्यायचं तर तेही नवऱ्याला विचारून, म्हणजे दान त्याचं आणि ताट धरायला ही. आणि हिशोबाचंच म्हणाल तर भगवान ऋषभदेवांनी आपल्या मुलींना स्वतः बसून शिकवलं, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक, ही कथा आपण पाठशाळेत लहानपणापासून ऐकतो. अंक सुंदरीला शिकवले, हे आपण सोयीने विसरतो.

अर्ध्या दिवसाच्या नोकरीकडे परत येते, कारण त्यातही मेख आहे. अर्ध्या दिवसाचा पगार ठरतो लगेच, अर्धा दिवस मात्र ठरत नाही. ओळखीतल्या एका मुलीला एका कार्यालयाने "तुम्ही दोनला निघत जा" असं तोंडी सांगितलं. पगार निम्मा झाला. काम तेवढंच राहिलं, कारण टेबलावरच्या फायली काही कुणी कमी केल्या नाहीत. दोनला निघायची आणि रात्री मूल झोपल्यावर लॅपटॉप उघडून बसायची. सहा महिन्यांत तिचं वजन पाच किलोने उतरलं आणि शेवटी "तुम्हालाच झेपत नाही" म्हणून तिनेच राजीनामा दिला. याला मी नोकरी म्हणत नाही.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, घरून काम करण्यासारखं असेल तर मालक आणि आई यांनी आपसात ठरवावं असंही त्यात आलं. पण सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर इथल्या आपल्या बहुतेक मुली दुकानांत, दवाखान्यांत, छोट्या कार्यालयांत काम करतात. तिथे पन्नास माणसं कुठून आणायची? विसापेक्षा कमी माणसं असली की प्रॉव्हिडंट फंडही सक्तीचा नसतो. सरकारी नोकरीतल्या आईला मुलांसाठी वेगळी रजा आहे, केंद्रात सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस आणि आपल्या राज्यात १८० दिवस. खासगीत तास कमी करून मागण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे नाही.

माझी भाची नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिच्याकडून कळलं की, त्या देशात २००० सालापासून नोकरदाराला तास कमी करून मागण्याचा कायद्याने हक्क आहे. निम्म्याहून जास्त बायका तिथे अर्धवेळ काम करतात. आठवड्यातला एक दिवस बाप घरी राहून मुलांना बघतो आणि त्या दिवसाला त्यांच्या भाषेत "पापादाख" असं नावही आहे. आमचे जावई दर बुधवारी घरी असतात, मुलीला पोहायला नेतात, वरण-भात लावतात. मी हे सांगितलं तेव्हा आमच्याकडच्या पुरुष मंडळींनी विषय बदलून हळदीच्या भावावर नेला. (भाव चढे होते, असं कळलं.)

अर्धवेळ काम आपल्या बायकांना नवीन आहे, असंही नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, आपल्या सवडीने लाटायचं आणि लाटलेले पापड देऊन मजुरी घ्यायची. आपल्यातल्याही कित्येक जणींनी मेतकूट, शेवया, पापड करून मुलांच्या फिया भरल्या आहेत. त्याला "हातखर्चाचं" म्हटलं गेलं, नोकरी कुणी म्हटलं नाही. नाव छोटं ठेवलं की दामही छोटा ठेवता येतो.

आता आपल्या घरच्या घड्याळाबद्दल, कारण वर्तमानपत्रांत या विषयावर लिहिणाऱ्यांना ते माहीत नसतं. आपल्याला सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा निभतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सहालाच अंधारतं. सहाला ऑफिस सुटणारी सून सूर्यास्ताच्या आत घरी येऊन, स्वयंपाक करून, जेवणार कशी? पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या आपल्या मुली मग डबा दोन वेळचा नेतात आणि साडेपाचला टेबलावरच खातात, किंवा नियम मोडतात आणि मोडला म्हणून मनात खंत बाळगतात, किंवा रात्री उपाशी झोपतात. या तिसऱ्या प्रकारच्या दोन मुली मला ठाऊक आहेत. दोघींचं हिमोग्लोबिन डॉक्टरांनी सांगावं लागेल इतकं खाली गेलं होतं. उपवास हा व्रताचा असतो. बस चुकली म्हणून घडलेल्या उपवासाला मी व्रत मानत नाही.

साडेदहा ते तीन या वेळेचं मला कौतुक आहे ते म्हणूनही. तीनला सुटलं की पाळणाघरातून नातवाला घेऊन साडेतीनपर्यंत घर. पाचला स्वयंपाक, साडेपाच-सहापर्यंत सगळ्यांची जेवणं. मुलगा साडेसहाला येतो. त्याच्यासाठी हिवाळ्यात गाडी अडते. तर त्याने डबा न्यावा. आजवर घरातल्या बाईने त्याच्यासाठी सगळं घड्याळ फिरवलं, आता थोडं त्याने फिरवावं.

आणि आज्या! हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो माझा आहे. सून नोकरीला जाते म्हटलं की पहिलं वाक्य असतं, "काय काळजी, सासूबाई आहेत की घरी." सासूबाईंना कुणी विचारलेलं नसतं. मी पासष्टीला आले. गुडघे दुखतात, अडीच वर्षांचं पोर जिन्यावरून धावलं तर मी त्याच्या मागे धावू शकत नाही. शिवाय तेरा वर्षं मुलं आणि नऊ वर्षं सासूबाईंचं अंथरूण केल्यावर सकाळचा स्वाध्याय आणि दुपारचं सामायिक मला आत्ता कुठे निवांत मिळू लागलं आहे. नातवावर माया आहे म्हणून ते सोडावं, असं कुणी गृहीत धरू नये. आजीची माया फुकट मिळते म्हणून हिशोबात धरत नाहीत. ज्या घरात आजी नाही, त्यांना विचारा ती केवढ्याला पडते.

म्हणून आमच्याकडे पाळणाघर ठरलं, तेही घरात मी असताना. यावर बरीच चर्चा झाली नात्यात. झाली तर होऊ दे. मी नातवाला सोमवार, बुधवार आणि शनिवार दुपारी बारापासून सांभाळणार आहे, पाळणाघरातून मीच रिक्षाने आणणार. बाकीचे दिवस तो तीनपर्यंत तिथेच. तो आजारी पडला तर पहिली रजा त्याच्या बापाने काढायची, दुसरी सूनबाईंनी. हे मुलाला मान्य करायला थोडा वेळ लागला. "ऑफिसात हसतील," म्हणाला. सूनबाईंनी विचारलं, "आणि माझ्या ऑफिसात टाळ्या वाजवणार आहेत का?" मी पदर तोंडाला लावून आत गेले.

कार्यालयाकडून सूनबाईंनी कागदावर लिहून घेतलं आहे. वेळ साडेदहा ते तीन, अठ्ठावीस व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न्स तिच्याकडे, त्याहून जास्त दिली तर पगार त्या प्रमाणात वाढणार. साहेबांनी पहिल्यांदा "एवढं कशाला लिहायचं, घरच्यासारखंच आहे" असं म्हटलं. ती म्हणाली, "सर, आपण पक्षकारांना तर प्रत्येक गोष्ट लिहून घ्या म्हणून सांगतो." ते हसले आणि त्यांनी सही केली.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरची असते. त्याआधीचे तीन आठवडे अशा कार्यालयांत कुणी घड्याळ बघत नाही. आणि आपलं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, म्हणजे बऱ्याच वर्षी नेमकं त्याच सुमारास. सूनबाईंना त्या दिवसांत पूर्ण दिवस यायला सांगितलं आहे, वर जादा पैसेही देणार आहेत. मला दहाही दिवस पहाटेच्या पूजेला आणि दुपारच्या तत्त्वार्थसूत्राच्या वाचनाला जायचं आहे, तेव्हा माझे तीन दिवस त्या आठवड्यात नाहीत. मुलाने आतापासूनच सप्टेंबरातल्या पाच रजा टाकल्या आहेत आणि मला विचारलं आहे की, पाणी गाळायचं गाळणं कुठे असतं. पाच दिवसांत भागत नाही, अजून चार कमी पडतात. त्या चार दिवसांचं काय, यावर रविवारी सगळे बसणार आहोत.